निर्व्याज प्रेम आणि व्याजाचा हिशेब

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच शब्दाविषयीची निघाली, आणि तो शब्द म्हणजे ‘व्याज’. कोणाला त्याचा मूळ अर्थ हवा होता, कोणाला त्याच्याबरोबर येणारी क्रियापदे समजून घ्यायची होती, तर कोणाच्या घरी त्याच शब्दावरून प्रत्यक्ष पैशाचा निर्णय अडून राहिला होता. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर या एका शब्दाला दिले आहे. पत्रे थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न (सांगलीच्या एका वाचक भगिनी) : ‘निर्व्याज प्रेम’ याचा अर्थ माझ्या मुलीने निबंधात ‘व्याजाची, म्हणजेच परतफेडीची अपेक्षा न ठेवता केलेले प्रेम’ असा लिहिला. शिक्षकांनी तो चूक ठरवला. अर्थ इतका सरळ लागत असताना तो चूक कसा?

उत्तर : शिक्षकांचे म्हणणे बरोबर आहे, परंतु आपल्या मुलीने शब्दाची फोड करून अर्थ लावण्याचा प्रयत्न केला, ही सवय मोलाची आहे आणि ती तिने सोडू नये. तिची फोडही योग्यच आहे. ‘निर्’ म्हणजे नसलेले आणि त्यापुढे ‘व्याज’. चूक झाली ती एवढीच, की या जागी असलेला ‘व्याज’ हा बँकेच्या पासबुकातला व्याज नव्हे.

संस्कृतात ‘व्याज’ म्हणजे कपट, बहाणा, खरा हेतू झाकण्यासाठी पुढे केलेले निमित्त. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात कपटाचे पर्याय सांगताना व्याज, दंभ, उपधि, छद्म आणि कैतव हे शब्द एका ओळीत आले आहेत. त्यामुळे निर्व्याज प्रेम म्हणजे ज्याच्या आड दुसरा कोणताही हेतू दडलेला नाही असे प्रेम. याची खूण पटवायची असेल तर ‘बाळाचे निर्व्याज हसू’ हा प्रयोग आठवून पाहावा. तेथे परतफेडीचा अर्थ लावताच येत नाही, निष्कपट हाच अर्थ बसतो. अलंकारशास्त्रातील ‘व्याजस्तुती’ याच घराण्यातली. वरवर स्तुती आणि आत निंदा, किंवा याच्या उलट, असे तिचे स्वरूप असते. ‘आपल्या उदारपणाला तोड नाही, दिलेले सगळे परत घेताना आपण एक पैसुद्धा विसरला नाहीत’ या वाक्यात स्तुतीच्या बहाण्याने निंदा केलेली आहे. जुन्या पंडिती वळणाच्या मराठीत ‘पाणी मागण्याच्या व्याजाने तो दाराशी आला’ अशी रचनाही सहज चालत असे, आणि तेथे ‘व्याजाने’ म्हणजे ‘मिषाने’.

मग हाच शब्द पैशाच्या व्यवहारात कसा आला? संस्कृतात कर्जावरच्या वाढीला मुख्यतः वृद्धी, कुसीद आणि कलांतर असे शब्द होते. पाणिनीच्या सूत्रांत ‘दशैकादशिक’ असा एक शब्द साधून दाखवला आहे. दहा देऊन अकरा घेणारा, असा त्याचा अर्थ. अमरकोशाने कुसीदाला ‘वृद्धिजीविका’, म्हणजे वाढीवर चालवलेली उपजीविका, असे म्हटले आहे, आणि त्याच ठिकाणी ऋणाला ‘उद्धार’ हा पर्याय दिला आहे. आपला ‘उधार’ त्यातूनच आला. ‘कलांतर’ मराठीत ‘कळांतर’ या रूपाने दीर्घकाळ वावरला, जुन्या मराठी कागदपत्रांत तो व्याजासाठी येतो, आणि कोकणीत ‘कळंतर’ आजही त्याच अर्थाने बोलले जाते. नंतरच्या काळात मराठीत आणि गुजरातीत ‘व्याज’, तर हिंदीत ‘ब्याज’, यांनी या जुन्या शब्दांची जागा घेतली. अर्थ पालटण्याचा मार्ग मला असा दिसतो की, मुद्दल परत येणे हा देण्याघेण्याचा सरळ भाग आणि त्याखेरीज काळ लोटल्याचे निमित्त करून जे वर घेतले जाते ते व्याज. निमित्तापासून निमित्ताने घेतलेल्या रकमेपर्यंत शब्दाने टाकलेले हे पाऊल फार लांबचे नाही. शिवाय हा शब्द रुळवणारी माणसे बहुधा व्याज घेणाऱ्याच्या बाजूची नसून ते देणाऱ्याच्या बाजूची असावीत, असेही मला वाटते. वृद्धी म्हणताना सावकाराला समाधान वाटत असेल, परंतु ऋणकोला, म्हणजे कर्ज घेणाऱ्याला, त्याच रकमेत काहीतरी बहाणा दिसत असणार.

आपल्या मुलीला एक गंमतीची जोडीही जरूर दाखवावी. ‘निर्व्याज’मध्ये जुना अर्थ टिकला, तर ‘सव्याज परतफेड’मध्ये नवा अर्थ बसला. एकाच शब्दाला दोन उपसर्ग लागले आणि दोन्ही रूपे वेगवेगळ्या युगांत थांबली. म्हणूनच व्याज नसलेल्या कर्जाला ‘निर्व्याज कर्ज’ म्हणू नये. त्यासाठी ‘बिनव्याजी’ हा स्वच्छ शब्द आपल्याकडे आहे.

प्रश्न (बीड जिल्ह्यातील एक तरुण वाचक) : आमच्या गावात ‘दोन टक्क्यांनी’ पैसे मिळतात. बँक अकरा टक्के सांगते. वडिलांचे म्हणणे, गावातले पैसे स्वस्त आहेत, बँकेच्या दारात कशाला जायचे? मला हिशेब चुकीचा वाटतो, पण वडिलांना समजावता येत नाही. शब्द एकच असून अर्थ इतका वेगळा कसा?

उत्तर : आपली शंका अगदी रास्त आहे, आणि या सदरात आजवर आलेल्या प्रश्नांपैकी हा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण येथे शब्दाचा अर्थ चुकला तर शेत गहाण पडते.

गावात ‘दोन टक्के’ म्हणतात तेव्हा ते दर महिन्याला दर शेकडा दोन रुपये असतात. ‘दोन रुपयांनी घेतले’, ‘शेकडा दोनने घेतले’ आणि ‘दोन टक्क्यांनी घेतले’ या तिन्ही बोलण्यांचा अर्थ एकच, आणि तिन्हींत ‘दर महिना’ हे शब्द गृहीत धरलेले, न उच्चारलेले आहेत. बँकेच्या अकरा टक्क्यांत ‘दर साल’ हे शब्द गृहीत आहेत. शाळेच्या अंकगणितात आपण सर्वांनी ‘द. सा. द. शे.’ ही अक्षरे पाठ केली. दर साल दर शेकडा असे त्यांचे पूर्ण रूप, आणि त्यातील पहिला ‘दर साल’ हाच सर्वांत मोलाचा भाग आहे. पन्नास हजार रुपये गावातून घेतले तर महिन्याला १,००० आणि वर्षाला १२,००० रुपये व्याज होते. तेच बँकेच्या अकरा टक्क्यांनी वर्षाला ५,५०० होते. म्हणजे गावातला दोन टक्के हा प्रत्यक्षात वर्षाला चोवीस टक्के आहे. वडिलांना टक्के सांगू नयेत. वर्षाअखेर खिशातून किती रुपये जातील तेवढेच कागदावर लिहून दाखवावे.

वडील चुकले असले तरी ते अडाणीपणाने बोलत आहेत असे मात्र समजू नये. महिन्यावर व्याज मोजण्याची पद्धत आपल्या देशात फार जुनी आहे, किंबहुना तीच मूळची आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शंभर पणांवर (पण हे तेव्हाचे नाणे) महिन्याला सव्वा पण ही न्याय्य वाढ सांगितली आहे. वर्षाच्या भाषेत ती पंधरा टक्के होते. त्याच ठिकाणी व्यापारी कर्जाला महिन्याला पाच, रानावनातून माल नेणाऱ्यांना दहा आणि समुद्रावर जाणाऱ्यांना वीस असे दर येतात, म्हणजे पैसा बुडण्याची भीती जितकी अधिक तितका दर चढा, हे तत्त्व तेव्हाही उघड होते. भास्कराचार्यांच्या लीलावती या गणितग्रंथातील एका उदाहरणात शेकडा पाच या दराने वर्षभरात मुद्दल आणि कलांतर मिळून हजार झाले, तर दोन्ही वेगवेगळे सांगा, असे विचारले आहे. आजचा विद्यार्थी पाच टक्के वर्षाचे समजून गणित मांडेल आणि उत्तर चुकेल. तेथे पाच हा महिन्याचा दर आहे, त्यामुळे बारा महिन्यांत शंभराचे एकशे साठ होतात आणि उत्तर मुद्दल ६२५ व कलांतर ३७५ असे येते. बाराव्या शतकातल्या त्या विद्यार्थ्याला ‘दर महिना’ हे वेगळे सांगावे लागत नव्हते, जसे आज आपल्या वडिलांना लागत नाही.

याहूनही जुना पुरावा आपल्याच भूमीत, नाशिकच्या पांडवलेण्यांत, दगडावर कोरलेला आहे. नहपान या क्षत्रप राजाचा जावई उषवदात याने दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात एका ठेवीची नोंद केली आहे. गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, त्याने एकूण ३,००० कार्षापण (तेव्हाची नाणी) ठेवले. एकीकडे २,००० शेकडा एक या दराने आणि दुसरीकडे १,००० शेकडा पाऊण या दराने. मुद्दल परत मागायचे नाही, फक्त वाढ उपभोगायची, अशी अट त्यात स्पष्ट आहे. त्या वाढीतून लेण्यात वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळाभर राहणाऱ्या, वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, द्यायचे होते. आता हिशेब करून पाहावा. दोन हजारांवर महिन्याला शेकडा एक म्हणजे वीस, वर्षाला दोनशे चाळीस; आणि वीस भिक्षूंना बारा बारा म्हणजे तेही दोनशे चाळीस. रक्कम तंतोतंत जुळते ती दर महिन्याचा धरला तरच. या लेखात व्याजासाठी ‘वधि’ हा शब्द आहे, म्हणजे वृद्धी, आणि पाऊण या अंशासाठी ‘पायून’ असे रूप आहे. आज वर्तमानपत्रात ‘व्याजदरात पाऊण टक्का वाढ’ असे वाचताना आपण त्याच शब्दाचा उच्चार करत असतो, याचे मला प्रत्येक वेळी अप्रूप वाटते. तो ‘वधि’देखील पुरता हरवलेला नाही. धान्य उसने देऊन सुगीला वाढवून घेण्याच्या व्यवहाराला ‘वाढीदिढी’ म्हणत, त्यातील ‘वाढी’ हा त्याचाच वंशज; आणि दिढी म्हणजे पेरणीला एक पायली नेली तर खळ्यावर दीड पायली मोजून देणे. चार-पाच महिन्यांत निम्म्याने वाढ, हा दर वर्षाच्या टक्क्यांत मांडला तर ऐकणारा दचकतो; परंतु धान्याच्या मापात तो कितीतरी पिढ्यांनी निमूट मोजला.

बँका आल्या आणि वर्षाचा दर रूढ झाला; गावातली बोली मात्र महिन्यावर राहिली. आता दोन्ही बोली एकाच घरात बोलल्या जातात आणि घोटाळा होतो तो तेथेच. सावकार सहसा खोटे बोलत नाही. तो आपल्या बोलीत खरे सांगतो आणि आपण ते दुसऱ्या बोलीत ऐकतो.

आणखी दोन गोष्टी वडिलांपुढे मांडाव्यात. पहिली, व्याज आगाऊ कापून घेतले जाते का? दहा हजारांचे कर्ज महिन्याला दहा टक्क्यांनी देताना पहिल्या महिन्याचे हजार कापून नऊ हजारच हातात ठेवले, तर दर दहा राहत नाही, नऊ हजारांवर हजार म्हणजे अकरा टक्क्यांच्याही वर जातो. भाजी मंडईत सकाळी नऊशे घेऊन संध्याकाळी हजार परत करणारे विक्रेते हाच हिशेब दिवसाच्या मापाने सोसत असतात, आणि त्याला ते व्याज म्हणतही नाहीत, ‘शंभर रुपये जातात’ एवढेच म्हणतात. दुसरी गोष्ट, व्याज कोणत्या रकमेवर मोजले जाते? १,२०,००० रुपयांचे कर्ज वर्षभरात फेडायचे असेल आणि बारा टक्के व्याज पहिल्या पूर्ण रकमेवर लावले, तर ते १४,४०० होते. दर महिन्याला मुद्दलाचे दहा हजार फेडून उरलेल्या शिलकेवरच बारा टक्क्यांनी व्याज लावले, तर ते ७,८०० होते. दर तोच, मुदत तीच, व्याज जवळजवळ दुप्पट. पहिल्या पद्धतीला सपाट व्याज आणि दुसरीला घटत्या शिलकेवरचे व्याज म्हणतात, आणि वाहनाच्या किंवा घरगुती वस्तूंच्या कर्जाची जाहिरात वाचताना हा फरक विचारल्याशिवाय सही करू नये.

व्याजावर व्याज चढू लागले तर काय होते तेही सांगावे. महिन्याला दोन टक्क्यांनी घेतलेल्या कर्जाचे व्याज न भरता ते दर महिन्याला मुद्दलात मिळवत गेले, तर रक्कम तीन वर्षांत दुप्पट होते. बँकेच्या अकरा टक्क्यांना दरवर्षी चक्रवाढ धरूनही तेवढ्यासाठी साडेसहा वर्षांहून अधिक काळ लागतो.

प्रश्न (परभाषक प्रौढांना मराठी शिकवणारे पुण्यातील एक शिक्षक) : व्याज लागते, बसते, चढते, सुटते, मिळते, थकते, फिटते. विद्यार्थी विचारतात, यांत फरक काय? मला नियम सांगता येत नाही.

उत्तर : यात व्याकरणाचा नियम शोधण्यापेक्षा बोलणारा व्यवहाराच्या कोणत्या बाजूला उभा आहे ते पाहावे, म्हणजे विद्यार्थ्यांना चटकन उलगडा होईल. ‘मिळते’ आणि ‘सुटते’ ही ठेव ठेवणाऱ्याची क्रियापदे आहेत. त्यांतही ‘सुटते’मध्ये एक खास छटा आहे, निवृत्त माणूस ‘दर तिमाहीला आठ हजार व्याज सुटते’ असे म्हणतो तेव्हा अडकवून ठेवलेल्या रकमेतून तेवढे मोकळे होऊन हाती येते, असे चित्र त्याच्या मनात असते. ‘लागते’ आणि ‘बसते’ ही कर्ज घेणाऱ्याची. ‘लागते’ हे साधे विधान आहे, तर ‘बसते’मध्ये भुर्दंडाचा भाव आहे, जसा दंड बसतो तसे व्याज बसते, हप्ता चुकल्यावर लावतात त्या दंडव्याजाला हेच क्रियापद शोभते. ‘चढते’ हे न भरलेल्या व्याजाविषयीचे, आणि ताप चढतो, कर्ज चढते, यांच्या पंक्तीतले. ‘थकते’ म्हणजे मुदत उलटूनही येणे राहते, ज्यावरून ‘थकबाकी’ हा शब्द झाला. ‘फिटते’ म्हणजे देणे पुरे होते. बँक मात्र यांपैकी काहीच म्हणत नाही. ती व्याज ‘आकारते’ किंवा ‘जमा करते’, कारण तिची भाषा कागदाची आहे.

व्याज हे नपुंसकलिंगी आहे, म्हणून ‘ते व्याज’, ‘किती व्याज झाले’. अनेकवचन सहसा होत नाही. सामान्यरूप ‘व्याजा’ असे, म्हणून व्याजाने, व्याजावर, व्याजासकट. आणि ‘पैसे व्याजी लावले’ या जुन्या वळणात ‘व्याजी’ असेही रूप ऐकू येते. ‘व्याजावर जगणे’ याला मराठीत सुखवस्तूपणाचा अर्थ आहे, परंतु ‘व्याजबट्टा करणे’ यात धंद्याचा आणि थोड्या नापसंतीचा अर्थ येतो. सूड उगवण्याच्या संदर्भात ‘व्याजासकट परत केले’ असे म्हणतात, तेच उपकाराच्या संदर्भात म्हटले तरी चालते.

व्याजाच्या जोडीचा शब्द ‘मुद्दल’, आणि दोन्ही मिळून होते ती ‘रास’. शालेय गणितातला हा ‘रास’ शब्द विद्यार्थ्यांना अवश्य शिकवावा. खळ्यावरच्या धान्याच्या राशीशी असलेले त्याचे नाते सांगितले तर तो त्यांच्या मनात पक्का बसेल. ‘मुद्दल’चे सामान्यरूप ‘मुदला’, त्यातून ‘मुदलात’ हा शब्दप्रयोग झाला आणि तो पैशाच्या बाहेर पडून ‘मुळात’ या अर्थाने वावरू लागला. ‘मला मुदलातच हे पटत नाही’ असे म्हणणाऱ्या माणसाच्या मनात त्या क्षणी कोणतेही कर्ज नसते.

प्रश्न (सोलापूरचे एक ज्येष्ठ वाचक) : ‘दामदुप्पट’ हा शब्द आम्ही लहानपणी कोर्टकचेरीच्या संदर्भात ऐकला. आता तो फसव्या योजनांच्या बातम्यांत वाचायला मिळतो. दोन्ही एकच का?

उत्तर : शब्द तोच, परंतु त्याचा अर्थ पार उलटा झाला आहे, आणि ही उलटापालट मला मनापासून खुपते.

मूळचा दामदुप्पट हा ऋणकोच्या रक्षणाचा नियम होता. एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक असू नये, म्हणजे मुद्दल आणि व्याज मिळून घ्यायची रक्कम मुद्दलाच्या दुपटीच्या वर जाऊ नये, असा त्याचा आशय. मनुस्मृतीत हे बंधन सांगितले आहे, आणि इंग्रजी अमलात मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनीही हिंदू ऋणकोंच्या बाबतीत ते मानले. म्हणजे ‘दुप्पट’ ही तेथे धनकोची, म्हणजे कर्ज देणाऱ्याची, वरची हद्द होती. कर्ज कितीही वर्षे थकले तरी येथवरच, पुढे नाही.

नियम होता म्हणून सर्वत्र पाळला गेला असे नाही. थकलेले व्याज मुद्दलात मिळवून जुन्या खताच्या (कर्जाच्या लेखी कागदाच्या) जागी नवे खत लिहून घेतले की नवे मुद्दल आपोआप मोठे होई आणि दुपटीची हद्दही त्याच्याबरोबर पुढे सरके. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले आणि तो उठाव पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील गावोगावी पसरला, तेव्हा त्यांचा रोख माणसांपेक्षा खतांवर आणि रोख्यांवर होता; ती हस्तगत करून जाळणे हाच अनेक ठिकाणी मुख्य हेतू होता. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्याने न्यायाधीशाला खतावरच्या आकड्याशी न थांबता मूळ देण्याघेण्याची चौकशी करण्याचा अधिकार दिला. आज महाराष्ट्रात लागू असलेल्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यातही सावकाराने चक्रवाढ व्याज आकारू नये आणि मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करू नये, असे बंधन आहे. जुन्या दामदुप्पटाचा आत्मा त्यात कायम आहे. मात्र नाव गेले.

आणि ते सुटलेले नाव उचलले ते ठेवी गोळा करणाऱ्यांनी. ‘एका वर्षात दामदुप्पट’ असे म्हणताना दुप्पट ही हद्द राहत नाही, ते आमिष होते. रक्षण ज्याचे व्हायचे त्याच सामान्य माणसाला ते दाखवले जाते. वर्षात दुप्पट म्हणजे वर्षाला शंभर टक्के व्याज. ज्या देशात चांगल्या बँकेची ठेव सहा-सात टक्क्यांच्या आसपास फिरते आणि दहा-बारा वर्षांत दुप्पट होते, तेथे शंभर टक्के देणारा माणूस ते कोणत्या धंद्यातून आणणार, हा प्रश्न शब्द ऐकताक्षणी मनात यायला हवा. आपल्यासारख्या ज्यांनी हा शब्द त्याच्या मूळ अर्थाने ऐकला आहे, त्यांनी तो अर्थ घरातल्या तरुणांना सांगावा अशी माझी विनंती आहे.

प्रश्न (अकोल्याच्या एक वाचक भगिनी) : व्याज सवलत, व्याज परतावा आणि व्याजमाफी हे शब्द शासकीय योजनांत येतात. कार्यालयात विचारले तर तिन्ही सारखेच असल्याचे सांगण्यात आले.

उत्तर : सारखे नाहीत, आणि फरक हातातल्या पैशाचा आहे. सवलत म्हणजे व्याजाचा काही भाग किंवा सगळा भार ऋणकोऐवजी शासन उचलते, आणि त्याला बहुधा अट असते, डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने असलेल्या व्याज सवलत योजनेत अल्पमुदतीचे पीक कर्ज वेळेत फेडणे ही ती अट आहे. ‘शून्य टक्के पीक कर्ज’ असे बोलले जाते ते या अटीसह, आणि मुदत चुकली की ते शून्य राहत नाही. परतावा म्हणजे व्याज आधी आपण भरायचे आणि ते नंतर आपल्या खात्यात परत यायचे. अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळाची योजना या पद्धतीची आहे. त्यामुळे परतावा असलेले कर्ज घेताना सुरुवातीचे हप्ते व्याजासकट भरण्याइतके पैसे हाताशी असावे लागतात. माफी म्हणजे येणे असलेले व्याज सोडून देणे, आणि ते जुन्या थकबाकीला लागू होते, नव्या कर्जाला नाही. अर्ज करताना कार्यालयात ‘व्याज किती?’ असे न विचारता ‘व्याज आधी भरायचे की नाही, आणि मुदत चुकली तर कोणत्या तारखेपासून किती लागेल?’ असे विचारावे, आणि उत्तर मंजुरीपत्रावर लिहून घ्यावे.